इंदूरवाली

बॉनेटवरचं नाव कुणीतरी उपटून नेलंय,
म्हणून आम्ही तिला इंदूरवाली म्हणतो.
दोन सीटांची, लांब नाकाची, वाळल्या मिरचीसारखी लाल.
अडुसष्टच्या मे महिन्यात मुंबईहून इंदूरला निघाली
आणि धुळ्यात, पांझरेच्या पुलाअलीकडे बसली.
मालक म्हणाला, फॅनबेल्ट घेऊन येतो.
बेल्ट हिलालमामानं दुसऱ्याच दिवशी बसवला.
मालक अजून येतोय.

दर दसऱ्याला मामा तिला झेंडू घालतो,
पारोळा चौफुलीपर्यंत नेतो, वळवतो, परत आणतो,
आणि उतरल्यावर बराच वेळ पोटऱ्या चोळत बसतो.
वय झालं, असं आम्ही समजायचो.

यंदा मी डॅशबोर्ड उघडला.
मधोमध दोन खाचा. त्यांत कधीकाळी दोन दांड्या होत्या,
एक वाऱ्याची, एक गरम-थंडची.
आता नुसती बुडखं.
इथल्या उन्हात प्लास्टिकचा पापड होतो,
बोट लागलं की कट्.
एका खाचेत मामानं कधीतरी काडेपेटीची काडी खोचलेली,
दुसरीत सायकलची तार.
तार गंजून रुतली होती. काडी शाबूत.

स्क्रू अठरा.
सतरा निघाले.
अठराव्याला तेल, मग शिवी, मग पुन्हा तेल.
पत्र्यामागे उंदरानं घर केलेलं, निव्वळ कापसाचं,
सरकी वेचून बाजूला,
जिनिंगवाल्यालाही जमणार नाही इतकं स्वच्छ.
न मोडता उचललं, टोपीत ठेवलं.
घरात कुणी नव्हतं.

मुंबईचा पार्टवाला फोनवर म्हणाला,
जोडी विलायतेहून मागवावी लागेल, शेठ.
आणि जो आकडा बोलला
त्यात दोन शेळ्या येतात, गाभण.
मामानं ऐकलं. उठला. घरात गेला.
येताना सदऱ्याच्या खिशात काहीतरी काळं, जड.
"हाई घे. बेकलाइट शे."
कुठून आणलं, मी विचारलं नाही.

करवतीनं दोन तुकडे. मग कानस.
मामाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
तो अंगठ्यानं बघतो.
जुनं बुडखं डाव्या चिमटीत, नवं उजव्या,
डोळे पार रस्त्यावरच्या ट्रकांकडे.
व्हर्नियर देऊ का, म्हटलं.
"बोटले इचार," म्हणाला.
काळा भुगा त्याच्या मांडीवर साचत गेला,
जळक्या दुधासारखा वास.
दोन्ही बाजूंना दोन कान, कानांना पिना,
खाली सुईएवढं भोक,
भोकातून लुनाच्या ब्रेकची तार.
पहिली दांडी मी जोर लावून मोडली.
मामा काही बोलला नाही. उरलेला तुकडा पुढे केला.

दुपारचे तीन. वर पत्रा, बाहेर चव्वेचाळीस.
इंजिन चालू करून मी आत बसलो
आणि पायांवर भट्टी उघडली.
वाकून पाहिलं: दांडी मोडली तेव्हा
पाण्याचा व्हॉल्व्ह सताड गरमवर अडकलेला.
तेव्हापासून ती तशीच तापत होती,
नाशिकपासून, चांदवडच्या घाटापासून,
दर दसऱ्याला चौफुलीपर्यंत.

नवी दांडी धरली. सरकवली.
आत कुठेतरी तार ताणली, काहीतरी हललं,
आणि वारा हळूहळू
नुसता वारा झाला.

मामानं खिडकीतून हात घातला,
जाळीसमोर तळवा धरून उभा राहिला.
मग हसायला लागला, खोकला येईपर्यंत.
"आते समजनं. तो कसाले पळी गया."

धुळ्यात जन्म गेला आमचा.
ऊन बंद करायची दांडी
पहिल्यांदाच हाताला लागली.

तेवढ्यात आतून मामीचा आवाज:
"मन्हा कुकरनी मूठ कोठे शे?"
मी मामाकडे पाहिलं.
तो गाडीत डोकं घालून
दांडी इकडून तिकडे, तिकडून इकडे,
फार कामात होता.