शटर अर्धं ओढल्यावर

वसमत रोडला माझं झेरॉक्सचं दुकान.
शनिवारी साडेनऊला शटर अर्धं ओढतो,
मशीनवर जुनी चादर, चादरीवर नकाशा.
नकाशे रद्दीच्या पाठकोऱ्या बाजूला काढलेले.
मागच्या साली ड्रॅगनची गुहा
कुणाच्या तरी रहिवासी दाखल्याच्या अर्जावर होती,
उजेडाला धरली की गुहेच्या पोटात
‘अर्जदाराची सही’ दिसायची.

जगात जर्मनी, भारतात परभणी,
आणि तिसरीकडं कुठंतरी आम्ही चौघं,
वीस बाजूंचा एक फासा घेऊन.
दुसरा मुदस्सिरच्या पुतण्यानं गिळला.
मिळाला परत, पण कुणी हात लावत नाही.

आज नवी मोहीम ठरवायची.
खेळ मी चालवतो, म्हणून तीन पुड्या सोडल्या.

उत्तरेचा बर्फाचा डोंगर, आत गोठून बसलेला राजा.
मुदस्सिर म्हणला, “हेच. बाहेर त्रेचाळीस आहे,
निदान कानाला तरी गार लागंल.”
दिवसभर तो लोकांचे मोबाईल उघडून बसतो,
इथं तो जादूगार फानूस,
ज्याचा एकही मंत्र पहिल्या फटक्यात लागत नाही.

मग चाच्यांचं जहाज.
“जहाजात नेमकं काय काय असतं?” विश्वंभर.
कुणालाच सांगता येईना.
दैवशालानं एकदा अलिबागला समुद्र पाहिलेला,
म्हणली, आवाज लई असतो,
बाकी माझी चप्पल हरवली होती तेवढं आठवतं.
जहाज तिथंच बुडालं.

तिसरी माझी स्वतःची, आठ रात्री जागून लिहिलेली.
सात मजली बारव,
एकेक पायरी उतरताना आपला एकेक शब्द विसरायचा.
तळाला पाणी. पाण्यात कोण, ते सांगितलं नाही.
सगळे गप्प झाले. मला वाटलं, जमलं.
“हे परीक्षेसारखं वाटायलंय,” विश्वंभर म्हणला.
तो विद्यापीठात बियाणं मोजतो,
शंभरातले किती उगवले त्याची वही ठेवतो,
आजवर कुणाचा पेन उचलला नाही त्यानं.
इथं तो मुंगूस, चोरांचा चोर.

चिठ्ठ्या टाकल्या, दैवशालाच्या डब्यात.
एक बर्फ.
एक बारव, ते अक्षर कुणाचं हे सगळ्यांना कळलं.
एकावर ‘भजे’.
चौथी तिची, केसपेपरवर लिहितात तशी, वेळ टाकून:
रात्री १०.१०. शरभ अजून पुलाखाली आहे.

शरभ म्हणजे गुणवंतचा तिरंदाज.
फेब्रुवारीत त्याला चाकणहून फोन आला, सोमवारी हजर व्हा.
मी घाईत, फासा न टाकताच पूल पाडला.
तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं.
त्याचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरखाली.
जीव अकरा. बाण चार. पखाल अर्धी.

“मेला असं तू म्हणला नव्हतास. दगडं पडली म्हणलास.”
दैवशाला सिव्हिलला रात्रपाळी करते,
इथं ती रणका, हातात कुऱ्हाड,
औषधपाण्याचं नाव काढत नाही.
“तपासलं नाही कुणी त्याला.
न तपासता कसं लिहायचं?”

पूल बर्फाच्या वाटेवर येतो का, मुदस्सिरनं विचारलं.
नकाशा पाहिला. येत नव्हता.
मी पेन घेतला आणि नदी वळवली.

गुणवंतला मेसेज टाकला. एकच टिक. शिफ्टला असंल.
त्याच्या वाटचा फासा कुणी टाकायचा
यावर भजे संपेस्तोवर भांडण.
मग लाईट गेली.
विश्वंभरनं तेलकट बोटांनी फासा हलवला, सोडला,
तो टणटणत मशीनखाली.

चौघं आडवे, गाल फरशीला, मोबाईलचा उजेड आत:
टोनरची काळी धूळ, एक रुपया,
कुणाचा तरी पासपोर्ट फोटो,
आणि पार भिंतीला टेकून तो.

“किती पडलं?”
“हात नको लावू, पलटंल.”
“नऊ आहे का सहा?”
“खाली रेघ आहे का बघ.”