चोवीस मतं

मतपत्रिका उलगडली तेव्हा
स्वयंपाकघरातलं टेबल तिला पुरलं नाही.
रोझविटाने लोण्याची बशी उचलली,
कोर्बिनियानने पावाची टोपली,
तरी शेवटच्या यादीतले आठ-दहा उमेदवार
कडेवरून खाली लोंबकळत राहिले.

माणशी चोवीस मतं. एकाला फार तर तीन.
आमच्याकडे एकच बटण, एकच पीं, मी सांगितलं.
कोर्बिनियान म्हणाला,
"मग बाकीच्यांना वाईट नाही वाटत?"

समोरच्या क्रोएशियन सुताराला मत आहे.
मला नाही.
मी पेन्सिलींना टोक काढून देतो.

रोझविटा स्वतः उभी आहे, यादीत सतरावी.
चर्चच्या वळणावर, खांबाला बांधलेली,
प्लास्टिकची पट्टी नेमकी कानावरून गेलेली.
म्हणून ती महिनाभर
लांबच्या रस्त्याने पीठ आणायला जाते.
तिचं म्हणणं एकच : पोहण्याचा तलाव बंद करू नका.
शनिवारच्या बाजारात बर्फाच्या चिखलात उभी राहून
तिने झेंडूच्या बियांची पाकिटं वाटली.
इथे झेंडूला विद्यार्थ्यांचं फूल म्हणतात.
मी दोन घेतली.

आई फोनवर : "तिथेही पैसे वाटतात का रे?"
"बिया वाटतात."
ती बराच वेळ काही बोलली नाही.

रात्री म्हातारा क्सावर एकटाच टेबलाशी बसला,
चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकलेलं.
सुनेला तीन.
मग बोट सरकत सरकत
थेट दुसऱ्या पक्षाच्या यादीत,
ह्योल्त्सलपाशी थांबलं.
कुंपणाच्या दीड हातावरून
ज्याच्याशी एकतीस वर्षं अबोला,
त्या ह्योल्त्सलला तीन.
मी समोरून, उलट्या बाजूने वाचले.
क्सावरने वर पाहिलं.
"पाण्याचे नळ त्यालाच कळतात," तो म्हणाला,
आणि लिफाफा चाटून बंद केला.

रोझविटा एकेचाळीस मतांनी राहिली.
ह्योल्त्सल आला.
सोमवारी ती शिडीवर चढली, मी शिडी धरली.
तिने पट्टी कापली, स्वतःला काखेत घेतलं
आणि खाली न बघता विचारलं,
"घरातली सगळी मतं मला पडली असतील ना?"

शिडीचा एक पाय चिखलात रुतत होता.
मी तो सरळ करत बसलो.

मेच्या मध्यानंतर पेरा,
असं पाकिटावर लिहिलंय.