खोकल्यासकट

टोर्शहाउनच्या दप्तरखान्यात, तळघरात
मी आवाज जमा करून घेतो.
बुधवारी रानवा आली. धुक्यामुळे फेरी दोन तास उशिरा,
आणि पेनड्राइव्ह लोकरी हातमोज्यात, अंड्यासारखा जपलेला.

एकेचाळीस सेकंद. हॉग्नी, बोटीवरून :
मासळी बरी आहे, जाळं फाटलं,
मेंढ्या डोंगरावरून खाली आण, माझी वाट बघू नकोस,
आणि शेवटी खोकला.

बोटीच्या दोन फळ्या मिळाल्या. त्याचा पत्ता लागला नाही.
सरकारी कागदावर आठ वर्षं
बेपत्ता.

"कुठं ठेवणार?" तिनं विचारलं,
"कितवं कपाट, कुठला खण?"
खण नाही, म्हटलं. कपाटं हलतात, इमारती विकल्या जातात,
जागेवर भिस्त ठेवली की वस्तू हरवतात.
इथं तो जे बोलला त्याचंच गणित मांडतात
आणि उत्तर येतं तोच पत्ता.
चौसष्ट अक्षरं, हे बघा, सात एफ शून्य नऊ…
कुठं आहे विचारायचं नाही.
काय आहे ते सांगायचं, की सापडतं.

ती पडद्याकडे बघत राहिली,
जशी बंदरावर बघत असावी.
मग हळूच, "खोकला काढता येईल?
नातवंडं विचारतात, बाबा आजारी होता का."

काढला. दीड सेकंदाचा तर होता.
शेपटाकडचं एखादं अक्षर बदलेल असं तिला वाटलं असणार.
पण यंत्रानं अख्खा पत्ताच नवा दिला,
जुन्याच्या ना नात्यातला ना गोत्यातला.

"हा कोण?"

मी काय सांगणार.

"परत घाल," ती म्हणाली, "खोकला परत घाल त्याचा."

घातला. यंत्रानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं
आणि एक ओळ उमटली,
दिवसातून शंभरदा दिसणारी, कोरडी,
एकाच वस्तूच्या दोन प्रती साठू नयेत एवढ्यासाठी
कुणीतरी लिहून ठेवलेली :

हे माझ्याकडे आधीपासून आहे.

मी मोठ्यानं वाचली.
"पुन्हा वाच," ती म्हणाली.
वाचली.

त्या उन्हाळ्यात सगळी यंत्रं दुसऱ्या बेटावर हलवली.
सात एफ शून्य नऊ मागितलं, तर तोच आला,
जाळं, मेंढ्या, खोकल्यासकट.

रानवाचा एक हातमोजा मात्र इथंच राहिलाय.
तो कुठं ठेवलाय
हे मला लक्षात ठेवावं लागतं.