वेणी

मार्चमधल्या एका पहाटे, पावणेपाचला,
शाल्मली माझ्यापुढे पाठ करून बसली :
"आई, वेणी घालून दे."
चौथीनंतर पहिल्यांदाच.
मी हरखूनच गेले.
दांडिया बाजारात दूधवालाही आला नव्हता अजून,
आणि माझ्या हातात क्लोरीननं राठ झालेले तिचे केस.
मुद्दाम सावकाश घातली.
एकदाही वाटलं नाही
की हिचा हात वर जात नाहीये.

वही मीच लिहायचे,
तलावाच्या पायऱ्यांवर बसून, पेन्सिलीनं.
जानेवारीत रोज चार हजार मीटर.
फेब्रुवारी सरता सरता साडेसहा.
स्टेट जवळ आलं होतं, सर म्हणाले वाढवू,
आणि काळ्यांची जुई तर संध्याकाळीही यायची.
आकडा वाढला की खाली रेघ मारायचे,
पासबुकात शिल्लक बघावी तशी बघायचे.

"पन्नास मीटरला हात किती वेळा फिरतात?" डॉक्टरांनी विचारलं.
चव्वेचाळीस, ती म्हणाली, न अडखळता.
फेऱ्या एकशेतीस.
त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे गुणाकार केला, निम्मे केले :
एका खांद्याला दिवसाचे दोन हजार आठशे साठ.
"पडून झालेलं नाही हे. साचलंय.
कधीपासून दुखतंय?"
"दिवाळीपासून."
हे तिनं त्यांना सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी ब्लाउज शिवते. मला तरी कळायला हवं होतं.
कापड झटक्यानं क्वचितच फाटतं,
विरतं ते. काखेत, रोजच्या घासण्यानं.
आणि विरलेलं
उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही.

आता खिडकीच्या गजाला पिवळा रबरी पट्टा.
पंधरा वेळा, जांभया देत.
पाण्यात हात अंगाशी, नुसते पाय.
जुईला ब्राँझ मिळालं, राजकोटला.
हिनं फोन पालथा ठेवला
आणि सेव-उसळीच्या दोन प्लेटा संपवल्या,
तर्री वाढवून घेऊन.

वहीत दुखण्याचा रकाना नव्हताच.
पट्टी घेऊन आखला.
तो तिनं भरायचा, मी विचारायचं नाही.
बहुतेक दिवशी लिहिते : बरं.
एकदा लिहिलं होतं : खोटं बरं.

काल स्वतःच वेणी घातली तिनं,
कोपर कपाटाला टेकवून. वाकडी, अर्ध्यात सुटलेली.
मी कंगवा घेऊन उगीच उभी होते.
रात्री वही उघडली. "बरं."
पान फाडलं नाही, नुसतं
दिव्यासमोर धरून पाहिलं.