साखळीचं दुसरं टोक

तीस वर्षं मी साखळीचं दुसरं टोक धरलं.
पहिलं देवतळे साहेबांच्या हातात.
मधे तेहतीस फूट लोखंड, सोळा आणे,
आणि कुणाचं तरी भांडण.

वैशाखात, पिंपळखुटीच्या कडुनिंबाखाली
डबा सोडता सोडता साहेब म्हणायचे,
दुपारची मोजणी खोटी, कवडू.
लोखंड तापतं, कडीकडीनं लांबतं,
साखळी लांबली की वावर कमी भरते.
आणि मालगुजाराच्या नातवाला मोजणी
नेमकी दुपारीच पाहिजे असायची.

त्याच्या आज्याच्या घरी दोन पायल्या होत्या,
घ्यायची एक, द्यायची एक.
हे मी सांगितलं तेव्हा साहेब हसले नाहीत.
म्हणाले, फ्रान्सातही असंच होतं,
गावागणिक माप, जमीनदारागणिक हात.
मग लोक उठले. राजाला तुरुंगात टाकलं,
पुढं त्याची मान गेली.
त्याच धामधुमीत दोन माणसं
धरती मोजायला निघाली,
एक वर, एक खाली.
कुणाच्या हाताचं नाही, पावलाचं नाही,
धरतीचंच माप काढायचं,
म्हणजे कुणाला नाही म्हणता येणार नाही.

कळसांवर चढले, पांढरी फडकी बांधली.
लोकांना वाटलं, राजाची माणसं. धरलं त्यांना.

हे मला पटलं.
शहात्तर साली आमच्या काठीचं फडकं पाहून
आख्खं लाठी गाव रानात पळालं होतं,
नसबंदीवाले आले रे, म्हणत.
एका म्हातारीनं तेवढी आम्हाला ताक दिलं.
म्हणाली, माह्यं काय कापता आता.

खाली गेलेला होता, तो हाताचा फार नेमका.
एका शहरात ताऱ्यांवरून जागा काढली,
पुन्हा काढली, तर तीन सेकंदांचा फरक.
घड्याळाचे नाही, कवडू. कोनाचे. एवढेसे.
चूक त्याची, यंत्राची, की वाकड्या धरतीची,
कोण सांगणार.
त्यानं वहीत दाबून ठेवली.
मग झोप गेली.
म्हातारपणी ती निस्तरायला
परत तिकडेच गेला, आणि तापानं गेला.

आणि मीटर?
मीटर राहिला. थोडा आखूड.
जगानं तोच घेतला.

साहेबांनी भाकर तशीच गुंडाळली.
मी विचारलं नाही. मला माहीत होतं.
एकाहत्तर साली, तुळसाबाई आत्रामच्या धुऱ्यावर,
भर दुपारी, तुटून सांधलेल्या साखळीनं
आम्ही मोजलं होतं.
नातू छत्री धरून उभा होता.
झोळ ज्याच्या हातात टोक असतं त्याला कळतो.
दोन टोकं होती. दोन्ही गप्प राहिली.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी
साहेब पहाटेच्या एस.टी.नं आले,
पिशवीत स्वतःच्या पैशाची पोलादी पट्टी.
उजाडायच्या आत मोजलं.
तुळसाबाई कंदील घेऊन मागं मागं.
अडीच हात.

साहेबांनी तिला सगळं सांगितलं.
ती म्हणाली, मले मालूम होतं बाबू,
त्या बाभळीपावतर माह्या सासऱ्याची पराटी होती.
आता तुह्या पट्टीले कोण मानते?

कुणी मानलं नाही. शिक्का नव्हता.
तरी तिनं खुंटी मागून घेतली,
दगडानं ठोकली,
पुढच्या हंगामात ट्रॅक्टरनं उपटली,
तिनं परत ठोकली.

साहेब गेले त्या साली
मी शाळेतल्या उपरे मास्तरला विचारलं,
तीन सेकंद म्हणजे जमिनीवर किती?
त्यानं फळ्यावर बराच वेळ आकडे मांडले,
एक पुसला, पुन्हा मांडला.
म्हणाला, नव्वदेक मीटर.

तुळसाबाईचं वावर
एवढंच रुंद आहे.