डावरा दगड

कुहीच्या अलीकडे, पऱ्हाट्या उपटलेल्या रानात
पार्बता मडावीनं ओच्यातून सात दगड काढून
बांधावर मांडले. "घ्या, पाहा तुमचे गोटे."

पाच नांगरानं फुटलेले. कड ताजी, पांढुरकी.
सहावी नुसती गारगोटी.
सातवा मी थुंकी लावून पुसला:
मधाच्या रंगाचा, पोटाशी फुगवटा,
तिथून शिंपल्यासारख्या लाटा निघालेल्या,
आणि धारेवर बारीक टवके, ओळीनं,
करंजीची कड मुरडावी तसे.
हे पाणी करत नाही. नांगरही नाही.

उजव्या हातात धरला, बोचला.
फिरवला, तरी बोचला.
वहीत लिहिलं: पकड अनिश्चित.

"आना इकडं." तिनं डाव्या हातात घेतला
अन् पऱ्हाटीची साल सोलली, सरळ,
शेंड्यापासून बुडापर्यंत.

"मले तं माय या हातावर
उलथन्यानं मारे."
मग दगडाकडे बघत:
"हिले कोनी मारलं नसन?"

हिले, म्हणाली ती.
मी 'मानव' लिहून बसलो होतो.

अजबबंगल्याच्या पिशवीवर चिठ्ठी लावायची होती.
गाव, खोली, तारीख लिहिली.
हाताचा रकाना नसतो.
पिशवी रिकामीच होती अजून,
ती दुसरी काडी सोलत होती.