नमुना

मोहाडीच्या शिवारात नागमोडी चालत
आठ खड्डे घेतले, लोखंड लागू नये म्हणून
बांबूच्या कामटीनं.
घमेल्यात माती कालवली, चार वाटे केले,
समोरासमोरचे दोन टाकले. पुन्हा चार.
उरते अर्धा किलो,
अठ्ठावीस वर्षांच्या बागेतली.

कोंडाजी निकम बांधावर.
खांबांना, तारांना, त्यांच्या नखांनाही
मोरचुदाची निळाई.
"द्राक्षं पास झाली की मॅडम,
युरोपात पोचलीसुद्धा."

पोचली. पुसून, निवडून, पेटीत बसून.
फवारा मात्र पानांवरून ठिबकत
दर छाटणीनंतर इथंच उतरला,
आणि तांबं काही कुजत नाही.

"गांडूळ दिसतं का कधी?"
ते बोलले नाहीत.
पिशवीवर मी गट नंबर लिहिला, पीक, खोली.

निघताना आले, ओंजळ भरून.
"ही चिंचेखालची. तिथं कधी मारलं नाही काही.
हिचाही रिपोर्ट काढा."
ओंजळीत काहीतरी वळवळलं.

त्यांनी ते दोन बोटांनी अलगद उचललं,
बागेकडे पाहिलं,
आणि चिंचेखाली नेऊन सोडलं.